रोबो आले ना, मग तू कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, नाहीतर दर लग्नात हेच चालू असतं. मी एनडीटीवाला, म्हणजे विमान न कापता न खोलता त्यातले क्रॅक शोधणारा, एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "त्याला आता रोबो आलेत ना, मग तू काय करतोस?" मेहुण्याने तर विमानाभोवती फिरणाऱ्या ड्रोनचं रील पाठवलं. अरे बाबा, तो फोटो काढतो. पोचे दिसतील, वीज पडल्याच्या खुणा दिसतील, पण रिव्हेटच्या डोक्याखाली लपलेला क्रॅक फोटोत येत नाही, तिथे एडी करंटचा प्रोब (पत्र्यात विजेचे भोवरे उठवून तडा ओळखणारी कांडी) पत्र्याला टेकवायलाच लागतो.

आणि प्रोब घेऊन चालणारा रोबोही काही काल नाही आला. नव्वदच्या दशकातच अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठवाल्यांनी सक्शन कपांवर विमानाच्या अंगावर चालणारा अँडी नावाचा रोबो बनवला होता. त्याच्याआधी 1988 ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सचं बोइंग 737 विमान, 89,680 उड्डाणं झालेलं, त्याचं पुढचं छप्पर हवेत उडालं आणि एक एअर होस्टेस गेली. चढताना एका प्रवासी बाईला दाराजवळ तडा दिसलेला, ती कोणाला बोलली नाही. शेकडो रिव्हेट ओळीने बघताना माणूस कंटाळतो, हाही मुद्दा चौकशीत निघाला. ते वाचून मी हसलो होतो. कंटाळा काय, आपल्याला नाही येत.

मग ती रात्र. जुनं 737, स्ट्रिंगर 4 (पत्र्याखालची लांब आधारपट्टी) चा लॅप जॉइंट, म्हणजे एकावर एक पत्रे ठेवून रिव्हेट मारलेला सांधा, मी डॉकिंगवर, म्हणजे विमानाभोवतीच्या मचाणावर वाकून, पेन्सिलसारखा प्रोब प्रत्येक रिव्हेटभोवती फिरवत, नजर स्क्रीनवर, झालेल्या रिव्हेटला मार्करचा ठिपका (साधी पेन्सिल चालत नाही, तिच्या ग्रॅफाइटने ॲल्युमिनियम गंजतं). साडेतीनला बायकोचा फोन, मुलीला 103 ताप. पाच मिनिटं बोललो, परत आलो, प्रोब उचलला आणि चालू पडलो. शेवटपर्यंत गेलो, सही केली. सकाळी सिनियरने सहज दिवा मारला तर मधे नऊ रिव्हेट बिनठिपक्याचे. त्याने मला हाक मारली नाही, स्वतःच प्रोब लावला. सातव्यावर सिग्नल उसळला, तीनेक मिलिमीटरचा क्रॅक. विमान तोवर हँगरच्या बाहेर गेलेलं नव्हतं, म्हणून मी आज हे लिहितोय. फोनचं कारण मी सगळ्यांना सांगितलं, आणि ते खरंच होतं, पण ठिपके मागून न मोजता मी पुढे गेलो ते कारण फोन नव्हता, मला ते संपवायचं होतं. चार महिने सहीचा अधिकार बंद होता.

रोबोने ते नऊ सोडले नसते. मान्य. लिहून दिलं.

पण नंतर आमच्याकडे एक क्रॉलर, म्हणजे प्रोब घेऊन पत्र्यावर सरकणारा रोबो, ट्रायलला आला. जुन्या रिपेरीचा पॅच होता, त्याच्या कडेवर चढताना त्याचा प्रोब पत्र्यापासून जरासा उचलला जायचा. उचलला की वाचन गेलं. स्कॅनच्या नकाशात ती पट्टी बिनतड्याच्या, ठीक पत्र्यासारखीच फिकट निळी. बरोबर आलेला पोरगा म्हणाला, सर, रंग सेटिंगमध्ये बदलता येतो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. घरी जाताना वाटलं, हा आनंद कसला? माझी नोकरी वाचल्याचा की विमान वाचल्याचा? वीस वर्षांपूर्वीचा मी म्हणाला असता विमान, अर्थात. त्या वेळच्या मला मुलगी नव्हती, तिचा ताप नव्हता आणि माझे रिव्हेट कधी सुटले नव्हते.

तर मी काय करतो? क्रॉलर चालतो तेव्हा मी त्याचा नकाशा बघतो, शंका आली की जुना पेन्सिल प्रोब घेऊन वर चढतो. ते बरोबर की माझी सवय, मला विचारू नका. स्ट्रिंगर 4 चा स्कॅन आला की मी अजून आधी त्याच जागेवर झूम करतो, विमान दुसरं असलं तरी.