पूररेषा दाखवा की राव!
काल आमच्या ग्रुपने परत निवेदन दिलं, वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातले काका, कॉलेजची पोरं आणि मी. मागणी साधीच, विश्वामित्री नदीची पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी जिथवर येतं ती हद्द, जागेवर खांब रोवून दाखवा आणि कोतरांत, म्हणजे नदीकाठच्या घळींत, मलबा टाकणं बंद करा, कारण पावसाचं जास्तीचं पाणी तीच धरून ठेवतात, ती बुजवली की पाणी थेट सोसायटीत आणि मागोमाग मगरी, ऑगस्ट २०२४ ला बघितलंच ना सगळ्यांनी. राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या कोर्टाने, तर २०२१ मध्येच आदेश दिलाय. साहेब म्हणे, नदीचं खोदकाम चालूय की! अहो पण काठावरची झाडं काढली तर माती परत नदीतच येणार, आणि मगरी अंडी घालतात तीपण काठातच. पोचपावतीवर शिक्का मात्र घेतलाच, काका हलेचनात. आता नगरसेवकाला गाठायचंय.