तुम्ही विचारलंत म्हणून: एसएसबीत स्वतःविषयी काय लिहावे?

एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांचे पालक, विशेषतः रावेर-यावल भागातले, मला नेहमी विचारतात की एसएसबीत, म्हणजे त्यानंतरच्या सैन्याधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखतीत, स्वतःविषयी लिहावे लागते ते तुम्ही लिहून द्याल का. मी देत नाही. लेखी परीक्षेला ९०० गुण आहेत आणि एसएसबीलाही ९००. तिथे उसने वर्णन टिकत नाही.

स्वतःविषयीचे हे लेखन दोन ठिकाणी येते. पीआयक्यू या वैयक्तिक माहितीच्या अर्जात गाव, पालकांचा व्यवसाय, खेळ, छंद, सांभाळलेल्या जबाबदाऱ्या लिहायच्या असतात आणि मुलाखत घेणारा अधिकारी तोच कागद समोर ठेवून प्रश्न विचारतो. दुसरे लेखन मानसशास्त्रीय चाचण्यांच्या शेवटी येते: आईवडील, शिक्षक आणि मित्र यांचे तुमच्याविषयीचे मत, तुमचे स्वतःचे मत आणि तुम्हाला कसे व्हायचे आहे, हे सारे १५ मिनिटांत. तोवर चित्रांवरच्या गोष्टी, ६० शब्दांवरची वाक्ये आणि ६० प्रसंगांत काय कराल याची उत्तरे लिहून झालेली असतात, त्यामुळे पाठ केलेले वर्णन आधीच्या उत्तरांशी जुळले नाही तर लगेच उघडे पडते.

यावलकडच्या एका मुलाने सरावात लिहिले होते, ‘मी मेहनती, जबाबदार आणि नेतृत्वगुण असलेला आहे.’ जबाबदारी कोणती, असे विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘मे महिन्यातल्या वादळात केळीची बाग आडवी झाली, वडील खचले, तेव्हा पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे मीच गेलो, शेजारच्या शेतकऱ्यांचीही नावे घेऊन.’ हे त्याला लिहिण्यासारखे वाटलेच नव्हते! मी त्याला आईचे मत घरी जाऊन खरोखर विचारून यायला सांगितले. ‘कामाचा आहे, पण कुणाचं ऐकून घेत नाही,’ असे ती म्हणाली. तेही त्याने लिहावे, आणि ऐकून घेण्यासाठी सध्या तो काय करतो तेही लिहावे, असा माझा आग्रह होता.

२०२२ पासून एनडीएत मुलीही जातात. आईच्या बचत गटाचा हिशेब वर्षानुवर्षे चोख ठेवणारी मुलगी ‘जबाबदाऱ्या’ या रकान्यात ‘नाही’ लिहिते, तेव्हा मला फार वाईट वाटते. तो हिशेब तिने अवश्य लिहावा, मात्र गटाच्या कर्जाचा व्याजदर विचारला तर सांगता येईल इतकी तयारी ठेवून.