बारा किलोमीटरनंतर ओरडणारी गाडी

सरांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पॅड बदलून टाक रे. पुन्हा ओरडायला लागलीय." २००४ची मारुती ८००. सहा महिन्यांत दोन वेगळ्या ठिकाणी ब्रेकचे पुढचे पॅड दोनदा बदलून झाले होते. दुसऱ्याने डिस्क, म्हणजे पॅड जिला धरतात ती चाकाबरोबर फिरणारी चकती, लेथवर लावून घासूनही दिली होती. आठ-पंधरा दिवस गाडी गप्प, मग पुन्हा तीच शिट्टी.

सर आम्हाला आठवीत भूगोल शिकवायला होते. मुलगी कराडला दिलेली, म्हणून महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट चढतात-उतरतात. नुसता आवाज घालवून ही गाडी परत द्यायची माझी तयारी नव्हती.

ब्रेक ओरडला की गिऱ्हाईक पॅडवर येतं, आणि आमच्यातले बरेच जणही. पॅड काढायचा, पॉलिश पेपरवर घासायचा, परत बसवायचा, पैसे घ्यायचे. मला याचा राग येतो. ओरडतो म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांवर थरथरतात. का थरथरतात ते शोधायला नको? कधी पॅडमागची पातळ पट्टी, शिम, मागच्या मेकॅनिकने फेकून दिलेली असते. कधी पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या, तो ज्यांवर सरकतो त्या पिना सुकलेल्या असतात, कधी मागच्या ड्रमात धूळ साचलेली. पिनांना साधं ग्रीस फासणाऱ्याला तर ब्रेकला हात लावू देऊ नये. त्याने रबर फुगतं आणि पिन जागीच धरते.

चिपळूणच्या बाजारात एक फेरी मारली, आवाज नाही. "थंड असताना नाही येत," सर म्हणाले. "दहा-बारा किलोमीटर गेलं की सुरू होतो." आधीच्या दोघांनी त्यांना एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

मग सरांना शेजारी बसवून कराड रोडला निघालो. खेर्डी, पिंपळी गेली, आणि शिरगावच्या अलीकडे ब्रेकवर पाय नसताना बारीक शिट्टी सुरू झाली. कडेला घेऊन उतरलो. उजवं पुढचं चाक कोमट, डाव्याजवळ हात नेववेना. जळक्या पॅडचा वास येत होता. मागच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला. डावं चाक दोन्ही हातांनी जेमतेम फिरलं. कॅलिपरचं निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू, पाव आटा सैल केल्याबरोबर ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं.

म्हणजे कॅलिपरमधला, पॅड ढकलणारा पिस्टन अडकलेला नव्हता. अडकलेला असता तर निपल उघडून काही उपयोग झाला नसता. दाब आत कोंडला होता.

गाडी हळूहळू गॅरेजला आणली. पेडल चार-पाच वेळा दाबून चाक पुन्हा जाम केलं आणि या वेळी वरचा जोड सैल केला, जिथे लोखंडी पाइप संपून रबरी नळी, होज, सुरू होतो. चाक जामच. खालचं निपल उघडलं, सुटलं. पेडलकडचा, दाब तयार करणारा मास्टर सिलिंडर निर्दोष, कॅलिपर निर्दोष. दोष मधल्या वीतभर रबरात.

पायाचा जोर मोठा असतो, तो अडथळ्यातूनही ऑइल पुढे ढकलतो. परत यायला तेवढा जोर नसतो. पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग तिथे नाही. त्याच्याभोवतीची चौकोनी रबरी सील दाबाखाली किंचित वाकते आणि सरळ होताना पिस्टनला केसभर मागे आणते, बस्स. तेवढ्याने ऑइल अडथळा ओलांडत नाही, पॅड डिस्कला चिकटून राहतो, तापतो, काचेसारखा गुळगुळीत होतो आणि ओरडतो. नवे पॅडही पंधरा दिवसांत तसेच होणार. आवाजापेक्षा भीती पुढची होती. नवं डॉट-३ दर्जाचं ब्रेक ऑइल २०५ अंशांच्या आत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या ऑइलचा हा आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. उतारावर ऑइल उकळलं की पेडल सरळ खाली जातं.

होज हॅक्सॉने उभा कापला. बाहेरून एक चीर नाही. आतलं रबर फुगून त्याचा पापुद्रा सुटला होता. बारीक तारसुद्धा पार जाईना.

तेव्हा मला २२ जुलै २०२१ आठवला. वाशिष्ठी चिपळुणात शिरली तेव्हा सरांची गाडी स्टिअरिंगपर्यंत बुडाली होती. चिखलाने भरलेल्या गाड्यांच्या रांगेत तीही माझ्याकडेच आली. कॅलिपर धुतले, ऑइल बदललं. होज मात्र बदलले नाहीत, सतरा वर्षांचे असूनही. त्या दिवसांत पोरं कॅलिपर काढून होजवरच लोंबता सोडत होती. तसं करायचं नसतं, तारेने वर बांधायचा असतो, नाहीतर वजनाने होज आतून फाटतो. मला दिसत होतं, पण गाड्या बाहेर काढायची घाई होती, मी बोललो नाही. सरांची गाडी त्यांत होती का, आठवत नाही. रबर वयानेही फुगतं. नक्की कशाने झालं, ते कापलेल्या होजवरून सांगता येत नाही.

सरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही फाकी उन्हात धरून पाहिल्या. "उजव्या बाजूचा?" तोही बदलला होता. मी मजुरी नको म्हणालो, त्यांनी पूर्ण पैसे टेबलावर ठेवले आणि गेले.

पुरानंतरच्या गाड्यांची वही अजून आहे. तिच्यात पुढचे ब्रेक खोललेल्या एकोणीस गाड्या सापडल्या. काल रात्रीपर्यंत अकरा जणांना फोन झाले.