व्हर्निअरने मोजलेली पोळी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न नवा नाही. ठाण्यात चरईतल्या आमच्या पोळीभाजी केंद्रात संध्याकाळी गर्दी ओसरली की एखादा ओळखीचा चेहरा काउंटरला टेकतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि मग हळूच विचारतो, "काका, सगळं पक्कं झालेलं नसताना दुकान उघडायची भीती नाही वाटली?" विचारणाऱ्याच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं. कुणाला घरून केक करायचे असतात, कुणाला क्लास काढायचा असतो. माझ्याकडून "छे, कसली भीती" ऐकायचं असतं.

भीती वाटली. सोळा महिने वाटली. त्यातले चार महिने तर मी बंद शटरचं भाडं भरत होतो.

मी मूळचा क्वालिटीतला माणूस. वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत एकोणीस वर्षं इन्स्पेक्शन केलं. 1962 साली एमआयडीसी सुरू झाली त्याचा समारंभ याच वागळे इस्टेटमध्ये झाला होता, हे आमचे जुने कामगार अभिमानाने सांगायचे. माझ्या काळात मात्र एकेक शेड रिकामी होऊन तिथे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. 2016 च्या सप्टेंबरात आमच्याही कंपनीने राज्याबाहेर बस्तान हलवलं. मी ठाणं सोडायचं नाही असं ठरवलं. हातात पीएफ होता, ग्रॅच्युइटी होती आणि बायकोच्या हातात पोळी होती. अख्ख्या नात्यात तिच्या घडीच्या पोळीचं नाव निघतं. पोळीभाजी केंद्र काढायचं हे आठ दिवसांत ठरलं. काढायला मात्र सोळा महिने लागले.

काय करत होतो सोळा महिने? तयारी. माझ्याकडे एक जाडजूड फाइल होती. नौपाड्यापासून पाचपाखाडीपर्यंतच्या केंद्रांतल्या पोळ्या आणून मी त्यांचं वजन केलं होतं. कणीक लोकवनची की सिहोरची, पाणी किती, तेल किती, मळल्यावर किती वेळ मुरवायची, सगळ्याचे तक्ते. किलोभर पीठ मळलं की 40 ग्रॅमचे साधारण 40 उंडे होतात, हे मी तीनदा तपासलं. आणि एका रविवारी कंपनीतल्या सहकाऱ्यांनी निरोप समारंभात दिलेला 300 मिलिमीटरचा व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, काढून बायकोच्या पोळ्यांचा व्यास मोजायला बसलो. एक 178, दुसरी 184, तिसरी एका बाजूने 180 आणि दुसऱ्या बाजूने 173. मी आकडे लिहीत होतो. ती लाटणं हातात धरून बघत उभी होती.

"अहो," ती म्हणाली, "पोळी आहे ती. पिस्टन नाही."

मी हसलो, पण वही मिटली नाही.

2016 चा दसरा गेला, कारण जागा ठरली नव्हती. 2017 चा पाडवा गेला, कारण भाज्यांचं आठवड्याचं वेळापत्रक बसत नव्हतं. अक्षय्य तृतीयेला काय अडलं होतं तेही आता आठवत नाही. सप्टेंबरात गाळा घेतला, महिना 18 हजार भाडं, तरी दसऱ्याला उघडलं नाही, कारण बोर्ड. बोर्डाचा नमुना तीनदा परत पाठवला. पहिल्या वेळी 'पोळीभाजी' एक शब्द की मध्ये छोटी रेघ, यावरून. दुसऱ्या वेळी 'केंद्र' की 'केन्द्र'. अनुस्वार ठरला. तिसऱ्या वेळी तो अनुस्वार मला मात्रेला चिकटल्यासारखा वाटला. बोर्डवाला सज्जन होता. म्हणाला, "साहेब, लोक वास घेत येतात, वाचत नाहीत." मला तो हलगर्जी वाटला.

या सगळ्याला मी काटेकोरपणा म्हणत होतो. घरचे, शेजारचेही तेच म्हणत. "त्यांचं काम म्हणजे चोख हो!" भित्रा म्हणवून घ्यायला कुणाला आवडतं? चोख म्हटलं की कॉलर ताठ राहते आणि शटरही बंद राहतं. खरी गोष्ट अशी की स्टेशनकडून येणारा माझ्या जुन्या कंपनीतला कुणीतरी मला काउंटरवर बघेल, पोळी घेईल आणि ती वाईट निघेल, हे चित्र रात्री डोळ्यांपुढे यायचं. क्वालिटीचे साहेब म्हणे, पोळी बघा त्यांची! आयुष्यभर दुसऱ्यांचे नग रिजेक्ट केलेल्या माणसाला आपला नग कुणाच्या तरी टेबलावर ठेवायचा होता. बाकी फाइल, तक्ते, अनुस्वार हे सगळं त्यावर घातलेलं पांघरूण. (मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे वाक्यही मी त्या काळात बऱ्याचदा म्हटलं. आमच्या भागातल्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं पोळ्या, चकल्या, मोदक विकून घर चालवतात. त्यांच्यासमोर ते म्हणायची माझी हिंमत नव्हती, घरी सोफ्यावर बसून म्हणायचो.)

सगळेजण लिज्जतचं उदाहरण द्यायचे. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, पहिल्या दिवशी चार पाकिटं. मी त्यातही खोट काढली. म्हटलं, त्या सात होत्या, आपण दोघंच.

शेवटी उघडलं ते माझ्यामुळे नाही. 9 जानेवारी 2018, मंगळवार, आणि तोही पौषातला. आमच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या आजींकडे पाहुणे यायचे होते आणि स्वयंपाकाच्या बाई आल्या नव्हत्या. त्यांनी बायकोला विचारलं, संध्याकाळी वीस पोळ्या देशील का गं? तिने मला विचारलंच नाही. दुपारी चपला घालताना म्हणाली, "मी गाळ्यावर जाऊन करते. वीस तिथे साठ. शटर उघडं ठेवते. तुम्ही यायचं तर या."

"पौषात?"

"पौषात माणसं जेवत नाहीत का?"

गेलो. बोर्ड लागलेला नव्हता. फ्लॉवर-बटाट्याची भाजी टाकली, दारात एका पुठ्ठ्यावर मार्करने 'पोळी 8 रु.' लिहिलं. साडेसातच्या सुमारास स्टेशनवरून माणसं परतायला लागली आणि सोळा महिन्यांच्या फाइलमधली पहिली गळती दिसली. गल्ल्यात सुट्टे पैसे नव्हते. चाळीस पानांच्या फाइलमध्ये 'सुट्टे' हा शब्द कुठेही नव्हता. पलीकडच्या दूधवाल्याकडून पाचशेची मोड आणली. मग दुसरी गळती. गरम पोळ्या थेट फॉइलच्या पिशवीत भरत होतो, त्या वाफेने आतल्या आत ओल्या होत होत्या. घरी पोळी डब्यात कापडावर जाते, दोन मिनिटं वाफ जाऊ देतात, हे बायकोला झोपेतही ठाऊक. घाईत तिलाही सुचलं नाही.

आणि आठ वाजून दहा मिनिटांनी एक बाई परत आल्या. ऑफिसची पर्स खांद्यावर, हातात आमचीच पिशवी.

"भाजी खारट आहे हो."

मी चमच्यावर घेऊन चाखली. खारट नाही, खारच. मीही मीठ घातलं होतं, बायकोनेही. सोळा महिने ज्या क्षणाला टाळत होतो तो पहिल्याच संध्याकाळी, दुकान उघडून तीन तास व्हायच्या आत समोर उभा होता. कान गरम झाले. मी भाजीचे पैसे परत दिले, चुकलं म्हणालो. त्यांनी पैसे पर्समध्ये टाकले, पोळ्यांची पिशवी ठेवून घेतली आणि विचारलं, "पोळी छान आहे. उद्या भाजी कुठली?"

एवढंच. पुढे काहीच घडलं नाही. मी किती वेळ तसाच चमचा धरून उभा होतो कोण जाणे. उद्याची भाजी ठरलेली नव्हती. "मटकी," बायको आतून ओरडली.

त्या रात्री झोप लागली नाही, पण कारण वेगळं होतं. मला आमचे जुने साहेब आठवत होते. नवीन पोरांना ते एक ड्रॉइंग दाखवायचे, शाफ्टचा व्यास 25, पुढे अधिक-उणे 0.02. विचारायचे, यात सर्वांत महत्त्वाचं काय? पोरं म्हणायची, 25. साहेब म्हणायचे, नाही, ते अधिक-उणे. जगात कुणी बरोबर 25 चा शाफ्ट बनवलेला नाही. आणि ज्या डिझायनरला कुठलं माप महत्त्वाचं हे कळत नाही, तो घाबरून सगळ्याच मापांवर 0.01 टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, लिहून ठेवतो. नग महाग होतो, उशिरा होतो, वर काम तेच करतो. हे मी एकोणीस वर्षं ऐकलं, नव्या पोरांना शिकवलंसुद्धा. आणि स्वतःच्या दुकानाच्या ड्रॉइंगवर सगळीकडे शून्य लिहून बसलो होतो. बोर्डाच्या अनुस्वारालाही शून्य.

मग आम्ही दोघांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला टॉलरन्स लिहिले. पोळीचा गोलपणा, मोकळा. भाजीचं तिखट, थोडं इकडेतिकडे चालेल. उघडायची वेळ, दहा मिनिटं. शिळं, शून्य. रात्री उरलेलं सकाळी काउंटरवर येणार नाही, एकही पोळी नाही. अन्नसुरक्षेची नोंदणी तर आधीच झाली होती. लहान धंद्याला तेव्हा वर्षाला 100 रुपये फी होती, सोळा महिन्यांत वेळेवर झालेलं ते एकमेव काम. आणि शेवटची ओळ बायकोने लिहायला लावली: अडीच लाख बुडाले किंवा सहा महिने झाले आणि भाडं निघालं नाही, तर बंद. अपयशालाही माप दिलं. गंमत म्हणजे त्या आकड्याने मला सर्वांत जास्त धीर दिला. तोवर माझ्या भीतीला तळच नव्हता. आता तो अडीच लाखांवर होता, आणि अडीच लाखांत आम्ही रस्त्यावर येत नव्हतो.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, पण काटेकोरपणा चिवट असतो. दुकान चालू झाल्यावर तो दुसऱ्या दाराने आला. एक जण म्हणाला पोळी जाड, मी पोळ्या करायला ठेवलेल्या ताईंना म्हटलं पातळ लाटा. दुसऱ्या दिवशी कुणी म्हणालं कोरडी, मी तेल वाढवलं. तिसऱ्या दिवशी तेलकट. तीन आठवड्यांत पोळी इतकी बिघडली की ताई एका संध्याकाळी लाटणं ठेवून म्हणाल्या, "साहेब, आज कशी करू ते लिहूनच द्या."

अमेरिकेत टेलिफोनचे भाग बनवणाऱ्या उद्योगात काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 साली पहिला कंट्रोल चार्ट, म्हणजे कामात पडणारा फरक टिपणारा आलेख, मांडला. कंपनीत आम्हाला त्याचं ट्रेनिंग होतं. कुठल्याही कामात थोडा फरक पडतच राहतो, तो त्या कामाचा स्वभाव. एखादा फरक मात्र बाहेरून येतो, त्याचं कारण शोधता येतं. पहिल्या जातीच्या फरकामागे धावून प्रत्येक नगानंतर मशिनची सेटिंग हलवली, तर फरक कमी होत नाही, वाढतो. मी ताईंची सेटिंग रोज हलवत होतो.

पंधरा दिवस काही बदलायचं नाही असं ठरवलं. फक्त तक्रार आली की वहीत वार आणि वेळ लिहायची. त्या पंधरा दिवसांत मी किती तळमळलो ते बायकोला विचारा. पण वही बोलली. बहुतेक तक्रारी विखुरलेल्या, आज जाड, परवा पातळ. फक्त सोमवारी एकच तक्रार पुन्हा पुन्हा, पोळी चिवट. सोमवारी गिरणीतून नवं दळण यायचं आणि आम्ही ते गरम असतानाच डब्यात भरून लगेच मळायला घ्यायचो. दळण रविवारी आणून ताटांत पसरून थंड करायला लागलो. सोमवार सुटला. बाकीच्या तक्रारींना मी आता "बरं, सांगतो ताईंना" म्हणतो आणि सांगत नाही.

भाडं पाचव्या महिन्यात निघालं. अडीच लाखांतले 1 लाख 90 हजार तोवर गेले होते, बंद शटरचे 72 हजार त्यातच धरलेले. ते 72 हजार मी हिशेबात वेगळ्या ओळीत लिहून ठेवलेत. पुढे 2020 ची टाळेबंदी आली, ती गोष्ट निराळी आणि लांब आहे.

तेव्हा भीती गेली का, असं विचाराल तर नाही. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर पहिल्यांदा घेतली तेव्हा पुन्हा चकलीची जाडी मोजावीशी वाटली होती. व्हर्निअर गल्ल्याच्या खणात आहे, नाण्यांखाली.

आणि बोर्ड. तो लागला फेब्रुवारीत, रेडियमची अक्षरं असलेला. दोन पावसाळ्यांनी त्यातलं सर्वांत लहान टिंब सुटून पडलं. तेव्हापासून आमच्या दुकानावर 'पोळीभाजी केद्र' असं लिहिलेलं आहे. आजवर एकाही गिऱ्हाइकाने सांगितलेलं नाही. मी रोज शटर वर करताना बघतो.