पोटासाठी काय लावू? तुम्ही विचारलंत म्हणून

फांदी न्यायला येणारा प्रत्येक जण हेच विचारतो, "पोटासाठी काय लावू? ऍसिडिटीवर कुठलं पान?" आणि मी तुटक बोलते, मग लोकांना वाटतं हिला शिंगं फुटलीत, गॅलरीभर हिरवं आहे आणि सांगायला जीव जातो. तसं नाहीये हो. आज सांगूनच टाकते.

आधी लावायचं. बाजारातल्या पुदिन्याच्या जुडीतली जाड काडी पाण्यात ठेवली की आठवड्याभरात मुळं फुटतात, मग पसरट कुंडीत लावा. पानओव्याची नुसती फांदी खोचली तरी येते, पाणी जास्त झालं तर सडते. (आणि हे आपल्या डब्यातल्या ओव्याचं झाड नव्हे, वास तसा आहे इतकंच.) मेथी महिन्याभरात होते, शेपूला दीडेक महिना आणि चांगलं ऊन लागतं, मायाळूला चढायला दोरी. झालं.

आता जे टाळत होते ते. चार वर्षांपूर्वी माझ्या प्रत्येक कुंडीत आईस्क्रीमची काडी खोचलेली असायची आणि त्यावर झाडाचं नाव नाही, दुखण्याचं नाव. पुदिन्यावर "ऍसिडिटी". पानओव्यावर "गॅस". मायाळूवर "पोट साफ". फार अभिमान होता मला त्या काड्यांचा.

आईचे गुडघे दुखायचे. मेडिकलमधून पेनकिलर आणायची, रोज घ्यायची, कधी उपाशीपोटीसुद्धा, आणि हे मला माहीत होतं. तिची जळजळ सुरू झाली तेव्हा मी गोळीकडे बघितलंच नाही, "ऍसिडिटी"च्या कुंडीकडे गेले. सकाळी पुदिन्याचं पाणी, जेवल्यावर मीठ लावून पानओव्याचं पान. ती म्हणायची बरं वाटतंय. वाटत असेलही, किंवा मी एवढ्या हौसेने करतेय म्हणून म्हणत असेल, ते मी अजून तिला विचारलेलं नाही. मग जिन्यात मधेच थांबायला लागली, मी म्हटलं वय झालं. मग एक दिवस म्हणाली, "अगं, शी काळी होतेय गं, डांबरासारखी." आणि मी काय म्हटलं? "आई, रोज पालक आणि मायाळू खातेस, त्यानेच." पाच दिवस गेले असे. सहाव्या दिवशी ओट्यापाशीच चक्कर येऊन पडली.

हिमोग्लोबिन ६.२. दोन बाटल्या रक्त चढवलं. दुर्बिणीतून बघितलं तर जठरात अल्सर आणि त्यातून रक्त जात होतं. डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या, पेनकिलर कधीपासून आणि काळी शी कधीपासून. दोन्हीची उत्तरं माझ्याकडे होती.

पालेभाजीने शी हिरवट होते, लोहाच्या गोळीने काळी होऊ शकते, पण आई लोह घेत नव्हती. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची म्हणजे वर कुठेतरी रक्तस्राव होतोय, लगेच दवाखान्यात जायचं. हे मला तेव्हा कोणी सांगायला हवं होतं असं म्हणायचे मी. आता म्हणत नाही, मी कोणाला विचारलंच कुठे होतं.

बहीण म्हणते, अल्सर गोळ्यांनी झाला, पुदिन्याने काय बिघडवलं? बरोबर आहे तिचं. पण अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला झडप असते, पुदिन्याने ती सैल पडून काही जणांची जळजळ उलट वाढते, हे मला नंतर कळलं, काडी खोचताना नाही.

मग बाग काढून का नाही टाकली? नाही काढली. कुंड्या आल्यापासून घरात रोज पालेभाजी होते, माझं स्वतःचं बद्धकोष्ठ तेव्हापासूनच गेलं. आता एका कुंडीत मेथी एका वेळेपुरती जेमतेम निघते, बाकी जुड्या मंडईतूनच येतात, शिवाय त्याच वर्षी मी चालायलाही लागले होते, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते मला खरंच ठरवता येत नाही.

आई बरी आहे. पुदिन्याची चटणी आवडीने खाते. काड्या मी सगळ्या उपटल्या. तरी परवा माझं पोट फुगलं तेव्हा हात पहिला पानओव्याकडेच गेला, पान चावलं, बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच रात्री भीती वाटत राहिली.

म्हणून तुम्ही फांदी मागितलीत की मी आधी विचारते, किती दिवस दुखतंय, कुठली गोळी चालू आहे, वजन उतरलंय का, शी कसली होते. राग मानू नका. उत्तर द्या, फांदी ओल्या कागदात गुंडाळून ठेवलेलीच असते.