मामा, अटलांटिस सापडलं!

सकाळी पोहे खाताना भाच्याने मोबाइल तोंडासमोर धरला. मॉरिटानियातलं रिशाट, वाळवंटातली खडकांची ती गोल रचना, सहाराचा तो 'डोळा'. वर्तुळात वर्तुळं, ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने समुद्रात बुडालेल्या अटलांटिस बेटाच्या राजधानीचं वर्णन केल्यासारखीच! मलाही क्षणभर मोह पडला, खोटं कशाला बोलू.

मग आम्ही हिशेब मांडला. प्लेटोच्या राजधानीची सगळी वलयं धरून व्यास येतो 27 स्टेडियम (अंतर मोजायचं जुनं ग्रीक माप), म्हणजे जेमतेम 5 किलोमीटर. रिशाट सुमारे 40. शिवाय ते समुद्रसपाटीपासून 400 मीटरच्या आसपास उंच आहे. बुडालेलं बेट वर कसं चढलं? भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात, तो झिजलेला घुमट आहे. मऊ थर वाहून गेले, कठीण खडकांची कडी उरली.

भाचा हिरमुसला, म्हणून त्याला रुडबेकची गोष्ट सांगितली. सतराव्या शतकातला स्वीडनचा हा प्राध्यापक. शरीरातल्या लसिकावाहिन्या (लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या नलिका) शोधणाऱ्यांपैकी एक, म्हणजे अडाणी नक्कीच नव्हे. पण अटलांटिस म्हणजे आपलं स्वीडनच, हे सिद्ध करायला त्याने खंडच्या खंड लिहिले. राजधानी कुठे? त्याच्या विद्यापीठाच्या शेजारी, जुन्या उप्सालात! आपल्याकडेही असे विद्वान काही कमी नाहीत, असो.

अटलांटिसशी जोडली जाणारी बाकीची ठिकाणं, म्हणजे बहामातला समुद्रतळावरचा बिमिनी 'रस्ता', ग्रीसमधल्या सँटोरिनीचा ज्वालामुखी, सगळं बोलून झालं. मूळ आधार मात्र प्लेटोचे दोनच संवाद. त्यातला 'क्रिटियास' अर्धवट राहिलेला. ग्रीक देवांचा राजा झ्यूस बाकीच्या देवांना जमवून बोलायला तोंड उघडतो आणि मजकूर तिथेच तुटतो.

"मग तो काय बोलला?" भाचा.

पोहे पार गार झाले होते.