ब्लिस्वर्थच्या बोगद्यातून नाव नेताना

आपल्या नाशिकमध्ये कालवा म्हणजे गंगापूर धरणातून शेतीसाठी सुटणारे आवर्तन आणि बोगदा म्हणजे कसारा घाटातला रेल्वेचा. त्यामुळे कालव्याच्या बोगद्यातून मी स्वतः नाव हाकणार, हे ऐकून सासूबाईंना हसू आवरेना. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मामेभावाने भाड्याने घेतलेली नॅरोबोट जेमतेम सात फूट रुंद, पण साठ फुटांच्या आसपास लांब होती. ग्रँड युनियन कालव्यावरचा ब्लिस्वर्थचा बोगदा २,८१३ मीटर लांबीचा असून तो १८०५ मध्ये खुला झाला.

सुकाणूचा दांडा मागच्या टोकाला असतो आणि तो डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे वळते. हे तासाभरात अंगवळणी पडते. खरी अडचण वेगळीच आहे. नाव आपल्या मध्याभोवती वळते, म्हणून पुढचे टोक एका भिंतीपासून वाचवावे, तर मागचे टोक दुसऱ्या भिंतीकडे सरकते. शिवाय दांडा हलवल्यापासून नाव वळेपर्यंत जे काही क्षण जातात, ते अंधारात फार लांबल्यासारखे वाटतात आणि हात उगाच पुन्हा दांडा ढकलू पाहतो. ‘दांडा नुसता धरून ठेव गं, ढकलू नकोस,’ असे दादा सारखे बजावत होता. केबिनचे दिवे लावून पडदे उघडे ठेवले की दोन्ही भिंतींवर उजेडाचे पट्टे पडतात. ते सारखे दिसले म्हणजे नाव मधोमध आहे. पुढच्या दिव्यापेक्षा मला त्यांचाच आधार अधिक वाटला.

पूर्वी नाव ओढणारा घोडा टेकडीवरून पलीकडे नेत आणि माणसे फळ्यांवर आडवी होऊन भिंतींना पाय रेटत नाव पुढे ढकलत. ते कष्ट विटांच्या त्या ओल्या भिंतींजवळून जाताना कळतात. मधला भाग मात्र काँक्रीटच्या कड्यांनी नव्याने बांधून १९८४ मध्ये पुन्हा खुला केलेला आहे. तो गुळगुळीत आणि काहीसा निर्विकार आहे. हवेसाठी खणलेल्या उभ्या विहिरींखाली पाणी टपकते, तेव्हा रेनकोट हवाच.

येथे दोन नॅरोबोटी एकमेकींना ओलांडू शकतात. समोरून दिवा आला की वेग कमी करावा, उजवीकडे राहावे आणि त्या दिव्याकडे न पाहता उजव्या भिंतीवर नजर ठेवावी. दक्षिणेच्या तोंडाशी स्टोक ब्रूर्न हे गाव आहे. तिथून पुढे सात जलपाशांची, म्हणजे पाण्याची पातळी कमी करून नाव खाली उतरवणाऱ्या दरवाजांच्या हौदांची, उतरण लागते, त्यामुळे चहा प्यायचा असेल तर त्याआधीच प्यावा.